‘सगळे नर’ म्हणून आणलेलं बीज: शेततळ्यातल्या तिलापियाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं गाव. शेतकऱ्याची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, म्हणून त्यांना इथे नुसतं ‘भाऊ’ म्हणू. पाच एकर धान आणि ३० × ३० × ३ मीटरचं, प्लास्टिक अस्तराचं शेततळं. असं तळं काठोकाठ भरलं की त्यात साधारण २२०० घनमीटर पाणी मावतं. तळं ओसंडलं की पाणी शेताच्या खालच्या नाल्यात जातं, आणि नाला पुढे मालगुजारी तलावाला, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाला मिळतो. त्या तलावात मासेमारी करते ढिवर समाजाची सहकारी संस्था. हा शेवटचा तपशील बीज घेताना कोणाच्या डोक्यातच नव्हता.

जुलैत भाऊंनी बाहेरच्या एका विक्रेत्याकडून ‘मोनोसेक्स गिफ्ट तिलापिया’ची, म्हणजे सगळे नर असलेल्या बीजाची, अडीच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली. गिफ्ट हा नाईल तिलापियाचा निवड पद्धतीनं सुधारलेला वाण. त्याचं काम १९८८ साली फिलिपिन्समध्ये सुरू झालं. मासा झपाट्यानं वाढतो, कोंडा-ढेपेवरही जगतो, कमी ऑक्सिजन सोसतो. त्याची अडचण एकच, पण मोठी. तो लवकर वयात येतो आणि साचलेल्या पाण्यात आपोआप प्रजनन करतो. मादी अंडी तोंडात उबवते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे ती नरापेक्षा लहान राहते. वर पिल्लांची गर्दी होते आणि सगळं खाद्य वाटलं जातं. म्हणून फक्त नर पाळायचे, ही या धंद्याची रीत.

भाऊंनी दर बघितला, पावती घेतली. बीज कसं तयार केलं, पिल्लांना नर बनवणारं हार्मोनचं खाद्य कितव्या दिवसापासून आणि किती दिवस दिलं, हे विचारलं नाही. थोडंफार मासेपालन केलेल्या गावातल्या एकानं पिशव्या सोडतानाच म्हटलं होतं की बोटुकली एकसारखी नाही, काही करंगळीएवढी आहे तर काही तिच्या पेराएवढी. त्या वेळी ते कोणी मनावर घेतलं नाही. पुढे कारण शोधताना हीच गोष्ट कामी आली.

काय बिघडलं

ऑगस्टात पावसानं ताण दिला, तेव्हा भाऊंनी मोटार लावून नाल्याचं पाणी तळ्यात घेतलं. पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती. सप्टेंबर संपता संपता काठाच्या उथळ पाण्यात बारीक पिल्लांचे थवे दिसू लागले. ऑक्टोबरात सकाळी खाद्य टाकलं की पाण्यावर आधी पिल्लंच तुटून पडायची.

मला भाऊंचा फोन आला तो असा: “साहेब, मी त सगळे नर घेतले होते जी. मंग हे पिल्लं आले कुठून? उनानं नराच्या माद्या त नाही झाल्या?”

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: तुम्ही नाल्याचं पाणी घेतलंत, गावठी तिलापिया त्यातून आला. भाऊंच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याचं तिसरंच म्हणणं होतं. मासे आपलं लिंग बदलतात असा व्हिडिओ त्यानं पाहिला होता.

तिन्ही स्पष्टीकरणांत थोडं थोडं तथ्य होतं, म्हणून एकही हसून सोडण्यासारखं नव्हतं.

कारण शोधताना

आधी नाल्याचं. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला आणि आता देशभरातल्या तलाव-नद्यांत पसरला आहे. मच्छीमार संस्थेतले एक बुजुर्ग, ज्यांना गावात सगळे मामाजी म्हणतात, ते म्हणाले, “तो काळा चिलापी आमच्या तलावात बापाच्या काळापासून हाय.” म्हणजे विक्रेत्याचा दावा अशक्य नव्हता. पण दोन्ही मासे ओळखता येतात. नाईल तिलापियाच्या शेपटीवर उभे पट्टे असतात. मोझांबिकच्या शेपटीवर ते नसतात, आणि त्याचा वयात आलेला नर काळा पडतो, गळा मात्र पांढुरका राहतो. ओढजाळं मारून शंभर मासे काढले, तर एकूण एकाच्या शेपटीवर पट्टे होते. दोन माद्यांच्या तोंडात अंडी सापडली, त्याही पट्टेवाल्या. पिल्लं विकत घेतलेल्या बीजाच्याच पोटची होती.

त्याच शंभरांचं लिंग तपासलं. मासा उताणा धरून गुदद्वाराच्या मागचा उंचवटा पाहायचा. नराच्या उंचवट्याला एकच छिद्र असतं. मादीला मूत्रछिद्राखेरीज अंडी बाहेर पडायची आडवी फट असते. थोडी निळी शाई लावली की फट उठून दिसते. पन्नास ग्रॅमच्या वरच्या माशात हे बऱ्यापैकी जमतं. ६९ नर निघाले, ३१ माद्या. शंभराच्या नमुन्यात इकडेतिकडे नऊ-दहाचा फरक पडू शकतो हे धरलं तरी माद्यांचा हा आकडा निम्म्याच्या बराच खाली होता. ‘सगळे नर’ या दाव्याच्या तर तो जवळपासही नव्हता.

आता भाऊंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसात लिंग ठरतं ते गुणसूत्रांवर, आणि पुढे उन्हातान्हानं त्यात बदल होत नाही. माशांमध्ये असा एकच कायदा नाही. नाईल तिलापियात माणसासारखीच एक्सएक्स मादी आणि एक्सवाय नर अशी व्यवस्था असते. त्याचाच भाऊबंद असलेल्या निळ्या तिलापियात ती उलटी, पक्ष्यांसारखी असते: तिथे दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात. जपानमधल्या मेडाका या भाताच्या खाचरातल्या माशात नर ठरवणारं जनुक २००२ साली सापडलं. नाईल तिलापियातलं तसंच काम करणारं जनुक नंतर सापडलं आणि ते वेगळंच निघालं. म्हणजे नर घडवण्याची कळ प्रत्येक घराण्यात वेगळ्या जागी आहे.

शिवाय जनुकानं कौल दिला तरी तो लगेच अमलात येत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची जननग्रंथी काही दिवस नराची नसते, मादीचीही नसते. त्या दिवसांत ग्रंथीत अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) किती तयार होतं, यावर गाडी कुठल्या रुळावर जाणार हे ठरतं. हे विकर नर-संप्रेरकाचं (हार्मोनचं) रूपांतर मादी-संप्रेरकात करतं. ते भरपूर असेल तर अंडाशय बनतं आणि दाबलं गेलं तर वृषण. पाणी फार तापलं की अरोमाटेज दबतं. नाईल तिलापियाची पिल्लं फलनानंतर साधारण दहाव्या दिवसापासून पुढे किमान दहा दिवस ३६ अंशांच्या आसपास ठेवली, तर गुणसूत्रांनी मादी असलेली बरीच पिल्लं नर होतात. सगळी होत नाहीत. काही घराण्यांत जवळजवळ सगळी वळतात, तर काहींत उष्णतेचा काही परिणाम दिसत नाही. उष्णतेला दाद द्यायची की नाही, हेही अनुवंशानंच मिळतं. जनुकं एकीकडे आणि पर्यावरण दुसरीकडे अशी सरळ वाटणी करता येत नाही, ती इथेच.

तेव्हा भाऊंना द्यायचं उत्तर असं होतं की ऊन तिलापियाला नराकडे ढकलतं, मादीकडे नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सिल्व्हरसाइड माशातही तापमानानं लिंग ठरतं, हे १९८१ साली दाखवलं गेलं. तिथेही थंड पाण्यात माद्या जास्त आणि उबदार पाण्यात नर जास्त. आणि हे सगळं होतं बाळपणात. तुमच्या तळ्यात आले तेव्हा मासे ते वय ओलांडून आले होते.

पुतण्याचा व्हिडिओ खोटा नव्हता. प्रवाळावरच्या क्लाउनफिशमध्ये मोठी मादी मेली की तिचा नरच मादी होतो. रास जातीच्या कित्येक माशांत उलट होतं, कळपातली मोठी मादी नर बनते. पण तिथे ट्रिगर म्हणजे कळपातलं स्थान, आणि तो आयुष्यभर चालू राहतो. तिलापियात मोठेपणी असं होत नाही.

मग ३१ टक्के माद्या कुठून आल्या? ‘मोनोसेक्स’ बीज बनवायची नेहमीची पद्धत हार्मोनची आहे. पिल्लं नुकती पोहायला लागलेली, म्हणजे ९ ते ११ मिलिमीटरची असताना गोळा करायची, आणि दर किलो खाद्यात ६० मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळून २१ ते २८ दिवस खाऊ घालायचं. पिल्लं आधी चाळणीनं वेगळी करावी लागतात. साधारण १४ मिलिमीटरच्या वरचं पिल्लू बाद, कारण त्याची ग्रंथी बहुधा आधीच ठरून गेलेली असते. वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र उचलली, किंवा हिरव्या पाण्याच्या टाकीत ठेवली आणि ती शेवाळ-प्लवंगावरच पोट भरत राहिली, तर उपचार अर्धवट होतो. बीज आलं तेव्हाच दिसलेली लहान-मोठी बोटुकली याच दिशेला बोट दाखवते. उपचारच झाला नसता तर माद्या निम्म्याच्या आसपास निघाल्या असत्या. उन्हाळ्यात तापलेल्या टाकीतही काही माद्या नराकडे वळल्या असतील, ही शक्यता उरते. नुसत्या नर-मादी प्रमाणावरून ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत. माझा कौल अर्धवट उपचाराला आहे.

आणखी एक हिशेब भाऊंना कागदावर मांडून दाखवला. बीज अगदी चांगलं, ९५ टक्के नर असतं, तरी अडीच हजारांत १२५ माद्या. एकेकीनं एका खेपेला दोनशेच अंडी धरली तरी पंचवीस हजार, आणि उबदार पाण्यात महिना-दीड महिन्यात पुढची खेप. त्यातली थोडीच जगतात हे खरं. पण ‘मोनोसेक्स आहे, आता पिल्लं होणारच नाहीत’ असं गृहीत धरून तळं चालवणं कोणत्याही बीजावर परवडत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, तळं लगेच रिकामं करून सगळं विकायचं. मासे शंभर ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे होते. आठवडी बाजारात त्या वजनाच्या तिलापियाला गिऱ्हाईक रोहूच्या निम्मा भावसुद्धा देईना. शिवाय पाणी सोडणार कुठे, तर त्याच नाल्यात.

दुसरा पर्याय पुतण्यानं आणला. हार्मोन कुठूनतरी मागवायचं आणि खाद्यात मिसळायचं. हा तिथल्या तिथे बाद केला. ठरून गेलेल्या माशाला त्यातून काही मिळणार नाही, खाणाऱ्याच्या ताटात औषध जाईल, आणि ते हाताळणं घरातल्या कोणासाठीच बरं नाही. हॅचरीतलं चित्र वेगळं असतं: तिथे मासा अगदी लहान असताना औषध थांबतं आणि बाजारात जाईपर्यंत मध्ये कित्येक महिने जातात.

त्याचीच पुढची आवृत्ती अशी होती की पिल्लं टाकीत घालून पाणी तापवू आणि त्यांचे नर करू. पण तळ्यातल्या पिल्लांचं वय कोणाला माहीत? बरीच त्या काळाच्या पुढे गेलेली. आणि ऑक्टोबरातल्या रात्री ३६ अंश टिकवायचे म्हणजे हीटर, वीज आणि सतत हवा. गावातली वीज किती वेळ असते हे पुतण्यालाच विचारलं, तेव्हा तो गप्प बसला. मे महिन्यात उघड्या टाकीत हे करू म्हटलं तरी नागपूर-भंडाऱ्याच्या ४५ अंशांच्या उन्हात उथळ पाणी पिल्लं सोसतील त्याच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

भाऊंच्या मनात चौथाच विचार होता. मोठे दिसणारे नर राखायचे, थोड्या माद्या राखायच्या, आणि पुढच्या वर्षी बीज घरचंच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण इथे हार्मोननं केलेला बदल आणि जनुक यांची फारकत होते. हार्मोननं नर झालेल्या मादीचं शरीर नराचं असलं तरी गुणसूत्रं एक्सएक्सच राहतात. शंभर माशांत मूळचे ५० एक्सवाय आणि ५० एक्सएक्स धरले, तर ३१ माद्या राहिल्या याचा अर्थ १९ एक्सएक्स नर झाले. अशा नराची सगळी पिल्लं माद्या होतात. ६९ नरांतले हे १९ धरून हिशेब केला तर पुढच्या पिढीत दर तीन पिल्लांमागे जवळपास दोन माद्या. नर हवेत म्हणून सुरू केलेला धंदा एका वर्षात माद्यांचा झाला असता.

(जाणकार याच तत्त्वाचा उलटा उपयोग करतात. एक्सवाय माशाला मादी-संप्रेरकानं मादी करायचं, तिचा साध्या नराशी संकर करायचा आणि त्यातून वायवाय नर निवडायचे. अशा नराची साध्या मादीपासून झालेली पिल्लं एक्सवाय, म्हणजे हार्मोन न देताच नर. वेल्स आणि फिलिपिन्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे करून दाखवलं. तिथेही शंभर टक्के नर मिळाले नाहीत, कारण इतर जनुकं आणि तापमान मध्ये लुडबुड करतात. शेततळ्यावर करायचं हे काम नव्हे.)

शेवटचा पर्याय मामाजींचा. हातानं निवडून माद्या काढा, आणि पिल्लं खाऊन संपवायला मरळ हा शिकारी मासा सोडा.

काय केलं

मामाजींचा पर्याय घेतला, पण निर्णय दिसतो तितका सरळ झाला नाही. मच्छीमार संस्थेची अट होती की या तळ्यातला एकही मासा नाल्यात जाता कामा नये. ‘तलावात तिलापिया आधीच आहे, मग काय फरक पडतो?’ असं भाऊंचं म्हणणं. मला ते पटलं नाही. नाईल आणि मोझांबिक तिलापियाचा संकर होतो, आणि जोमानं वाढणारा नवा वाण तलावात गेला तर रोहू-मृगळचं खाद्य तोच खाणार. शिवाय तिलापिया पाळायचा तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आणि मासा बाहेर पडणार नाही अशी व्यवस्था लागते. भाऊंकडे दोन्ही नव्हतं. सांडव्यावर दुहेरी बारीक जाळी बसवल्यावरच मामाजी कामाला हात लावायला तयार झाले. परवानगीचा अर्जही तेव्हाच गेला.

मग ओढजाळं. संस्थेतल्या तीन बायका आणि मामाजी काठावर बसले. पहिल्या दिवशी शाई लावून पाहत होते, नंतर शाईची गरज उरली नाही. माद्या आणि शंका असलेले मासे बाजारात, नर परत पाण्यात. चुका झाल्याच, काही माद्या निसटल्या. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ इथे मदतीला आला. पाणी २२ अंशांच्या खाली उतरलं की तिलापियाचं प्रजनन जवळजवळ थांबतं. विदर्भातली थंडी माशाची वाढही मंदावते, म्हणून मासेपालक तिला शिव्या देतात. या तळ्याला मात्र तीच वाचवून गेली, कारण निसटलेल्या माद्यांना पुढचे काही महिने अंडी देता आली नाहीत.

धान कापणीच्या सुमारास बोड्यांमधून (शेतातल्या लहान तळ्यांमधून) मिळालेले शंभरेक मरळ आणून सोडले. त्यांची उंची-लांबी मामाजींनी ठरवली: पिल्लू गिळेल, पण पाळलेला नर गिळणार नाही, एवढाच. आकारात फरक असला तर मरळ मरळालाच खातो, म्हणून सगळे एका मापाचे घेतले.

निष्पत्ती

डिसेंबरपर्यंत काठावरचे थवे विरळ झाले. फेब्रुवारीनंतर पाणी तापलं, नरांनी खाद्य उचललं. एप्रिलमध्ये काढणी केली तेव्हा बहुतेक नर तीनशे ग्रॅमच्या पुढे होते. मरळाला मिळालेला भाव तिलापियाच्या दुपटीहून जास्त होता, आणि सगळ्या व्यवहारात खरा आधार त्यानंच दिला. बीज, खाद्य आणि जाळीचा खर्च निघाला. घरच्यांची मजुरी निघाली नाही.

मार्चपासून पुन्हा थोडी पिल्लं दिसली होती. त्यामुळे मे महिन्यात तळं पूर्ण उपसलं, तळाच्या डबक्यांना ब्लीचिंग पावडर टाकली. तिलापिया घोटाभर पाण्यातही तग धरतो, हे संस्थेनं बजावलं होतं. उघडं प्लास्टिक मे महिन्याच्या उन्हात लवकर कडक होतं आणि तडकतं, म्हणून तळं फार दिवस कोरडं ठेवलं नाही.

विक्रेत्यानं नुकसानभरपाई दिली नाही. पावतीवर ‘मोनोसेक्स’ एवढा शब्द होता, किती टक्के ते नव्हतं.

पुढच्या हंगामात भाऊंनी रोहू, कटला, मृगळ घेतले. हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी देत नाहीत. त्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचं तंत्र हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ओडिशात बसवलं, आणि त्या दिवसाची, १० जुलैची, आठवण म्हणून देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात. तिलापियातली सगळ्यात मोठी डोकेदुखी इथे मुळातच नाही. पैसा मात्र हाताशी यायला वेळ लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त निर्णय सगळ्यात आधीचा होता, आणि तो हुकला. अडीच हजार बोटुकली पाण्यात सोडण्याआधी त्यातली पन्नासेक तपासता आली असती. लहान माशाचं लिंग बाहेरून कळत नाही. पण पोटातली ग्रंथी काढून, अॅसिटोकार्मिनचा रंग देऊन काचपट्टीवर दाबली की सूक्ष्मदर्शकाखाली अंडपेशींचे गोल स्पष्ट दिसतात. त्याला तालुक्याच्या कॉलेजातली जीवशास्त्राची प्रयोगशाळाही पुरते. पन्नासांत पंधरा माद्या दिसल्या असत्या तर पिशव्या परत गेल्या असत्या.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारायचे राहिले: पिल्लं किती मिलिमीटरची असताना उचलली, चाळली का, आणि औषधाचं खाद्य किती दिवस आणि कशा पाण्यात दिलं. ज्याच्याकडे याची वही आहे, तो ती दाखवायला कां-कूं करत नाही.

मरळाबद्दल माझं मत भाऊंपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात, पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून सोडू. मला वाटतं, तिलापिया साठ-सत्तर ग्रॅमचा होईपर्यंत थांबावं, नाहीतर विकत आणलेलं बीजच मरळाचं खाद्य होईल. मामाजी दोघांनाही हसतात. त्यांच्या मते खरा प्रश्न पावसाळ्यात ओल्या बांधावरून सरपटत जाणारा मरळ अडवायचा कसा हा आहे, आणि त्यासाठी बांधाभोवती गुडघाभर उंच जाळी लागेल. यंदा ती लावली आहे.